बुधवारचा मासा, करवंदाचा लेप

१. प्रश्न

"सर, वरून कोळसा आणि आतून कच्चा. असं कसं झालं?"

राजूरजवळच्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी हा प्रश्न मला मे महिन्याच्या अखेरीस विचारला, तोही चहाच्या टपरीवर, चारचौघांत. आदल्या रात्री त्यांनी मोबाइलवर एक पाककृती पाहिली होती. परदेशातल्या कुणी सॅमन माशावर संत्र्याचा मुरांबा फासला, ओव्हनमध्ये सरकवला आणि वीस मिनिटांत आरशासारखा चकाकणारा मासा ताटात काढला. राजूरला सॅमन कुठला? बाईंनी भंडारदऱ्याच्या रस्त्यावरून कटल्याचे तुकडे आणले, घरात करवंदांचा जॅम होता तो जाडसर चोपडला आणि ओव्हनचा काटा थेट २३० वर नेला. दहाव्या मिनिटाला घरभर धूर. त्या रात्री पोरांनी पिठलं-भात खाल्ला.

उत्तर एका ओळीचं आहे: लेप लवकर लावला. पण नुसती तेवढी ओळ घेऊन घरी गेलं, की पुढच्या वेळी करवंदांऐवजी आंबा असला, कटल्याऐवजी मरळ मिळाला किंवा ऐन वेळी वीज गेली तर पुन्हा अडायला होतं. म्हणून या प्रकरणात जरा मागून सुरुवात करू.

२. माशाला गोड?

टपरीवरच्या दुसऱ्या एका गृहस्थांचा आक्षेप वेगळाच होता. "माशाला जॅम लावायचा? मग उद्या पेढ्याला रस्सा लावा!" हसू आलं, पण आक्षेप तपासून पाहण्यासारखा आहे.

कोकणात आमसुलाशिवाय माशाची आमटी होत नाही. कैरीच्या दिवसांत कोलंबीत कैरी पडते, गोव्यात आंबाडे पडतात. घाटावर तेच काम चिंच करते. ही सगळी फळंच. आता राहिला गोडवा. पारशी घरांतला पातिया हा माशाचा आंबटगोड, तिखट प्रकार गुळावाचून होत नाही. जपानी 'तेरियाकी'तल्या 'तेरी'चा अर्थच मुळी चकाकी असा आहे. गोडसर रस पुन्हा पुन्हा लावून भाजलेला तो मासा. तेव्हा फळ, गूळ आणि मासा यांची सोयरीक जुनी आहे. नवं एवढंच, की रस्सा न करता तोच ऐवज आटवून माशाच्या अंगावर बसवायचा.

आणि राजूरपुरतं बोलायचं तर ही सोयरीक घरातलीच. प्रवरेवर भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं, त्यात आज कटला, रोहू, मृगळ वाढतात. खालच्या अंगाला त्याच पाण्याचे कालवे निघाले, उसाचे मळे झाले आणि १९५० साली याच नदीच्या खोऱ्यात, लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. म्हणजे मासा भिंतीच्या अलीकडचा आणि गोडवा पलीकडचा. करवंदं मात्र कुणी लावली नाहीत. ती डोंगराचीच.

३. मातकट वास कुठून येतो?

गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल समुद्राकाठच्या माणसाची एक कायमची तक्रार असते: "चिखलासारखा लागतो." तक्रार खोटी नाही. तिच्यामागची गोष्ट मात्र मजेदार आहे.

जूनमध्ये पहिली सर येते, तापलेली जमीन भिजते आणि जो वास सुटतो त्याला आपण मृद्गंध म्हणतो. त्या वासातल्या एका मुख्य घटकाचं नाव जिओस्मिन. हे नाव १९६५ साली ठेवलं गेलं आणि ग्रीक भाषेत त्याचा अर्थही जवळजवळ मृद्गंधच: माती अधिक वास. मातीत राहणारे काही सूक्ष्मजीव हा पदार्थ तयार करतात. साठलेल्या पाण्यात तेच काम निळं-हिरवं शेवाळ करतं. मासा त्या पाण्यात श्वास घेतो, कल्ल्यांवाटे जिओस्मिन अंगात जातं आणि चरबीत, कातडीखाली साठून राहतं. अंगणात जो वास आला की आपण डोळे मिटून उभे राहतो, तोच वास ताटात आला की नाक मुरडतो. बिचाऱ्या रेणूचा दोष काय? जागा चुकली.

आपलं नाक याबाबतीत फारच तिखट आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत जिओस्मिनचे पाच-दहा भाग असले तरी अनेकांना ते कळतं. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून एक छोटा हिशेब करू. स्पर्धा होतात तसा मोठा पोहण्याचा तलाव घ्या. त्यात साधारण २५ लाख लिटर पाणी मावतं. त्याला वास येण्यासाठी जिओस्मिन किती लागेल? एका लिटरला ५ नॅनोग्रॅम धरले तर सगळ्या तलावाला सुमारे साडेबारा मिलिग्रॅम. म्हणजे मोहरीच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाएवढं. एवढ्याशा मालावर सगळा तलाव मातकट!

मग उपाय काय? जिओस्मिनला आंबट सोसत नाही. आम्लाच्या संगतीत त्याचा रेणू बदलतो आणि बदललेल्या रेणूला वास नसतो. चिंचेचा कोळ, आमसूल, लिंबू, ताक, जे ज्या गावाला मिळालं ते माशाला लावायची रीत पडली, त्यात या गोष्टीचा वाटा आहे. आपल्या आज्यांनी जिओस्मिनचं नाव ऐकलं नव्हतं, पण त्याची खोड कशी मोडायची ते त्यांना ठाऊक होतं. करवंद इथे नुसतं चवीला येत नाही. ते कामाला येतं.

याला एक पुरवणी. जिओस्मिन कातडीत आणि तिच्यालगतच्या काळपट मांसात जास्त असतं, म्हणून मासा फारच मातकट निघाला तर तेवढा भाग काढून टाकावा. आणि आंबटात मासा तासन्‌तास मुरवू नये. दहा-पंधरा मिनिटं पुरे. का, ते पुढच्या भागात.

४. मासा लवकर का शिजतो?

कोंबडीला वेळ लागतो, मटणाला त्याहून जास्त. मासा मात्र कालवणात टाकून भाताचं झाकण काढेपर्यंत तयार. कारण माशाला स्वतःचं ओझं उचलावं लागत नाही. बोकड चार पायांवर उभा असतो. त्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारी चिवट दोरखंडं लागतात. मासा पाण्यावर तरंगतो. त्याचे स्नायू आखूड, पापुद्र्यांसारखे एकापुढे एक रचलेले, आणि त्यांना जोडणारे पडदे इतके पातळ की ५०-५५ अंशांनाच ते विरघळू लागतात. म्हणून शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात.

माशाचं काचेसारखं मांस ५० अंशांच्या आसपास पांढरं होऊ लागतं, ६० च्या पुढे पाकळी सुटते, ७० ओलांडलं की प्रथिनं आवळतात, पिळलेल्या फडक्यातून पाणी निघावं तसं आतलं पाणी बाहेर येतं आणि घास कोरडा होतो. निर्धोक खाण्यासाठी आतलं तापमान ६३ अंशांपर्यंत जावं असं सांगतात. म्हणजे आपल्या हातात खेळायला जागा जेमतेम पाच-सात अंशांची.

आम्लानेही प्रथिनं अशीच पांढरी पडतात, आच नसतानाही. लिंबात ठेवलेला मासा शिजल्यासारखा दिसतो तो त्यामुळे. पण त्यातले जंतू मरत नाहीत, आणि रात्रभर ठेवला तर तो भुसभुशीत होतो. अननस आणि कच्ची पपई यांची तर गोष्टच वेगळी. त्यांच्यात प्रथिनं तोडणारी पाचकद्रव्यं असतात. अननसाचा कच्चा रस लावून मासा ठेवला तर त्याची पेस्ट व्हायला लागते. रस आधी चांगला उकळून घेतला की ही द्रव्यं निकामी होतात. या लेपासाठी फळ नेहमी शिजवून घ्यायचं, ते एवढ्यासाठी.

५. पाक कळला की लेप कळला

'ग्लेझ' म्हटलं की काहीतरी हॉटेलातलं वाटतं. प्रत्यक्षात ज्या घरात पाकातल्या पुऱ्या किंवा साखरआंबा होतो त्या घराला ग्लेझ येतंच. तो एकतारीच्या अलीकडचा पाक आहे, फळाच्या गरात केलेला.

करवंदांचा लेप असा होतो. पिकलेली करवंदं घ्या, त्यात मूठभर अर्धकच्ची राहू द्या. चीक जाईपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवून धुवा, बुडतील इतक्याच पाण्यात मऊ शिजवा आणि चाळणीवर घासून बिया-सालं वेगळी करा. समजा, २०० ग्रॅम गर निघाला. त्यात १०० ग्रॅम गूळ घालून आटवायचं. किती? नजरेने ठरवता येतं, पण एकदा आकड्यांनी पाहू. गरात फळाची स्वतःची साखर २० ग्रॅम धरू, गुळातली खरी साखर ८५ ग्रॅम धरू. बाकी ओल आणि क्षार. एकूण १०५. मिश्रण ३०० ग्रॅमचं, म्हणजे साखर शेकडा ३५. एवढ्यावर लेप पाण्यासारखा ओघळतो. साखर शेकडा ६० झाली की तो चमच्याच्या पाठीला धरून राहतो. १०५ ग्रॅम साखर शेकडा ६० व्हायला एकूण मिश्रण १७५ ग्रॅम उरायला हवं. तीनशेचं पावणेदोनशे; निम्म्याहून थोडं जास्त. बस, तेवढं आटलं की गॅस बंद. भांडं स्टीलचं घ्या, आंबटाला पितळ आणि ॲल्युमिनियम नको.

आता मूठभर अर्धकच्ची करवंदं कशाला? पेक्टिनसाठी. झाडाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा हा नैसर्गिक डिंक. करवंदात तो भरपूर असतो, कच्च्या फळात पिकल्यापेक्षा जास्त. पाण्यात पेक्टिनचे धागे एकमेकांपासून दूर पळतात, कारण सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो. लग्नाच्या पंगतीत अबोला धरलेले दोन व्याही जसे एकाच ओळीत बसत नाहीत, तसं. आंबटपणा त्यांचा अबोला मिटवतो, म्हणजे भार कमी करतो. साखर मधल्या गर्दीला, म्हणजे पाण्याला, आपल्याकडे ओढून घेते. मग धागे जवळ येतात, हात धरतात आणि जाळी तयार होते. त्या जाळीमुळे लेप माशावरून घसरत नाही.

आणि चकाकी? पृष्ठभाग गुळगुळीत असला की उजेड एकाच दिशेने परततो आणि वस्तू चमकते. साखरेचे कण बसले की पृष्ठभाग खरखरीत होतो, चमक जाते. गुळात आणि फळात ग्लुकोज, फ्रुक्टोज या साध्या साखरा असतात. त्या मध्ये मध्ये घुसून नेहमीच्या साखरेचे कण जुळू देत नाहीत. पाकात लिंबू पिळण्याची आपली सवय याच कामाची. निव्वळ साखरेच्या लेपापेक्षा गुळाचा लेप जास्त काळ चकचकीत राहतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय गुळाचा खमंगपणा माशाला शोभतो, तो पांढऱ्या साखरेत नाही.

हा लेप बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे राहतो. रविवारी करून ठेवावा.

६. दोन घड्याळं

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. त्यांच्या ओव्हनमध्ये एकाच वेळी दोन घड्याळं चालू होती आणि त्यांनी दोन्ही एकदम सुरू केली होती.

पहिलं घड्याळ माशाचं. त्याच्या पोटापर्यंत ६३ अंशांची ऊब पोहोचायला हवी. ऊब कडेकडून आत सरकते, सावकाश.

दुसरं घड्याळ लेपाचं. त्याला आत कुठे जायचं नाही. वरच्या वर आटायचं आणि किंचित तांबूस व्हायचं. नेहमीची साखर करपण्याच्या वाटेला लागते १६० अंशांच्या पुढे. फळातली फ्रुक्टोज मात्र ११० अंशांच्या आसपासच रंग बदलू लागते. म्हणून फळाचा लेप साखरेच्या लेपापेक्षा लवकर जळतो. सोबतीला आणखी एक रासायनिक करामत असते: साध्या साखरा आणि प्रथिनं उष्णतेत भेटली की तांबूस, खमंग पदार्थ तयार होतात. लुई कामिय मैयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला खवा, फोडणीतला कांदा, सगळीकडे हीच करामत.

फसवणूक होते ती इथे. सुरुवातीची काही मिनिटं लेप अगदी निवांत दिसतो. डाळीच्या पातेल्यात पाणी आहे तोवर तळ लागत नाही. पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही आणि खालच्याला तापू देत नाही. लेपातही तसंच. पाणी शिल्लक आहे तोवर सगळं ठीक. ते संपलं की तापमान उसळी घेतं आणि तांबूसपासून काळ्यापर्यंतचा प्रवास दोन मिनिटांत उरकतो. बाईंचा लेप दहाव्या मिनिटाला काळा झाला, तेव्हा त्यांच्या जाड तुकड्यांना आणखी पाच-सात मिनिटं हवी होती.

मग घड्याळं वेगवेगळ्या वेळी सुरू करायची, पण एकाच वेळी बंद करायची. माशाला पंधरा मिनिटं लागणार असतील आणि लेपाला पाच, तर लेप दहाव्या मिनिटाला लावायचा. भात आणि आमटी एकदम तयार व्हावी म्हणून कुणी दोन्ही एकाच क्षणी चुलीवर ठेवत नाही, त्यातलाच प्रकार.

लेप एकदा जाड लावण्यापेक्षा दोनदा पातळ लावावा. जाड थराची वरची साय करपते आणि खालचा भाग पाणचटच राहतो. आणि लेप लावण्याआधी तुकडा पुसलेला हवा. ओल्या माशावर लावलेला लेप ओल्या भिंतीला दिलेल्या चुन्यासारखा निथळतो.

७. किती बोटाचं?

"तुकडं किती बोटाचं पाडू?" मासेवाल्या मामांचा हा प्रश्न मला त्या सगळ्या पाककृतीपेक्षा शास्त्रीय वाटतो. वेळ ठरते ती वजनावर नाही, जाडीवर. तुकडा दहा इंच लांब असो की चार इंच, ऊब शिरणार ती जवळच्या बाजूने, वरून आणि खालून.

दीड बोट म्हणजे साधारण अडीच सेंटीमीटर. या जाडीचा काट्यासकटचा तुकडा २०० अंशांच्या ओव्हनमध्ये १४-१५ मिनिटांत होतो. मग पाच सेंटीमीटर जाडीच्या तुकड्याला अर्धा तास? नाही, त्याहून जास्त. ऊब सरकण्याच्या गणितात अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट होतो, कारण वाट तर लांबतेच, वर वाटेतला माल तापवतच पुढे जावं लागतं. घरच्या ओव्हनमध्ये वेळ दुपटीच्या पुढे आणि चौपटीच्या आत कुठेतरी पडतो. तोवर बाहेरचा भाग लाकूड झालेला असतो. म्हणून रोजच्या घाईच्या संध्याकाळी अख्खा मासा नको. "दीड बोट, मामा, आणि सगळे सारखे." शेपटीकडचा तुकडा निमुळता असतो, तो पाच मिनिटं उशिरा आत घालावा नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याला ठेवावा.

काट्यांबद्दल दोन शब्द. कटला, रोहू, मृगळ यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाटी बारीक काटे असतात. ते कण्याला जोडलेले नसल्यामुळे ओढून निघत नाहीत. लहान मुलं जेवणार असतील तर चिलापी किंवा मरळ घ्या, निवडायला सोपे. कटलाच मिळाला तर पोटाकडचे तुकडे मागा, तिथले काटे मोठे आणि हाताला लागणारे असतात.

८. ओव्हन नसेल किंवा वीज गेली तर

राजूरच्या पावसाळ्यात दुसरी शक्यता पहिलीइतकीच खरी. अशा वेळी जाड बुडाची मोठी कढई घ्या. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर तिवई किंवा उपडी ताटली, वर घट्ट झाकण, आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग केळीच्या पानावर ठेवलेले तुकडे स्टीलच्या ताटलीतून आत सोडा. केक असाच करतात ना गॅसवर? तीच युक्ती. मीठ खाण्याचं नाही. ते उष्णता साठवून सगळीकडून सारखी देण्यापुरतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा लागतो. ओव्हनमधली हवा कोरडी असते. कढईत माशाची वाफ झाकणाखालीच कोंडते. वाफेत मासा उलट लवकर शिजतो, पण लेप आटत नाही, घामेजल्यासारखा राहतो. ओव्हनच्या गरम हवेत आपण क्षणभर हात घालू शकतो, पण कुकरच्या वाफेवर धरू शकत नाही. वाफ चटकन उष्णता देते आणि ओलावाही देते. म्हणून कढईत मासा झाला की शेवटची तीन-चार मिनिटं झाकण काढून टाका, किंवा लेप लावलेले तुकडे तापलेल्या तव्यावर तेल सोडून एकेका बाजूने मिनिटभर परतून घ्या.

चूल असेल तर याहून सरस सोय आहे: झाकणावर निखारे ठेवायचे. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर असाच वरच्या निखाऱ्यांवर भाजत आणत. वरून आच मिळाली की लेप आटतो, तांबूस होतो आणि खालचा मासा उगाच भाजला जात नाही. महागड्या ओव्हनमधली वरची तापणारी सळई म्हणजे हाच निखारा, तारेतून आलेला.

९. प्रत्यक्ष बुधवार

बुधवारच का? कारण अनेक घरांत सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधूनच चतुर्थी किंवा एकादशी. उरतात ते एक-दोन दिवस, आणि ते नेमके कामाच्या गर्दीतले. रविवारचा मासा तळून, वाटण वाटून, दुपारभर रेंगाळत होतो. बुधवारच्या माशाला चाळीस मिनिटं.

चौघांसाठी दीड बोट जाडीचे आठ तुकडे, साधारण ७०० ग्रॅम. रविवारी केलेला करवंदांचा लेप पाऊण वाटी. लसणाच्या सहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, चमचाभर लाल तिखट, हळद, मीठ, दोन चमचे तेल.

सात वाजता घरी पोहोचलात असं धरू. आल्या आल्या ओव्हन २०० वर लावा. तुकडे धुऊन मीठ, हळद आणि दोन चमचे करवंदांचा लेप चोळून ठेवा; हा चकाकीसाठी नाही, मातकटपणा घालवण्यापुरता आहे. इंद्रायणी तांदूळ धुऊन कुकरला लावा. उरलेला लेप छोट्या भांड्यात घेऊन त्यात ठेचलेलं आलं-लसूण, तिखट आणि चिमूटभर मीठ घालून एक उकळी आणा. गोड, आंबट, तिखट तिन्ही कळायला हवेत. गोड पुढे गेलं तर लिंबू पिळा.

सव्वासातला तुकडे फडक्याने कोरडे पुसा. मघाचा आंबट लेप पुसून जाऊ द्या, त्याचं काम झालं. तेल चोळा, ताटलीत पान अंथरून एकमेकांना न चिकटतील असे मांडा आणि आत सारा. दहा मिनिटं मोकळी मिळाली. त्यात काकडीची कोशिंबीर होते, किंवा मुलाचा गृहपाठ बघून होतो, दोन्ही नाही.

सात पंचवीसला बाहेर ओढा, लेपाचा पहिला हात. आत. साडेसातला दुसरा हात, आणि आता ओव्हनची फक्त वरची सळई चालू ठेवा. इथून पुढे फोन घ्यायचा नाही. दोन-तीन मिनिटांत कडांवर बुडबुडे येतील, ते मोठे आणि आळशी झाले, कडा गडद तांबूस दिसल्या की झालं. काट्याजवळ सुरीचं टोक खुपसून पाहा: मांस काचेसारखं नसावं, पाकळी सुटावी. बाहेर काढून तीन मिनिटं तसाच राहू द्या. आतली ऊब उरलेलं काम पुरं करते आणि निवता निवता लेप घट्ट बसतो.

करवंदं संपली की जूनमध्ये जांभळं येतात. त्यांचा लेप रंगाला सुरेख, पण जांभळात तुरटपणा जास्त आणि पकड कमी, म्हणून गूळ थोडा वाढवा, लिंबू घाला आणि जास्त आटवा. रायवळ आंब्याचा रस छान चालतो. हापूसचा नको, त्यात आंबटपणा पुरेसा नसतो आणि तो माशावर घालायला मन होत नाही. पेरूचा लेप मी एकदा केला. पुन्हा करणार नाही.

त्या बाईंनी पुढच्या शुक्रवारी पुन्हा घाट घातला. ओव्हन तापत असतानाच वीज गेली, म्हणून कढईवर आल्या. लेप थोडा ओलाच राहिला होता, पण तव्यावर परतताना एका तुकड्याची कड करपली आणि मुलांनी नेमक्या त्याच तुकड्यासाठी भांडण केलं, असं त्यांनी सांगितलं. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात एसटी आली.

ताटलीला चिकटलेला काळा पाक घासणीने खरवडत बसू नका. तिच्यात गरम पाणी ओता, वर दुसरी ताटली झाका आणि झोपा. करपलेला थर सोडला तर बाकी साखर पाण्यात विरघळून जाते, आणि झाकण एवढ्यासाठी, की आळीतली मांजरं पाण्यातला मासाही सोडत नाहीत.